नवा कपडा नको, नीटनेटका कपडा हवा : वर्षभराच्या एका संकल्पाचा हिशेब

आपल्या समाजात वर्षभरात नवे कपडे घेण्याचे प्रसंग मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळीचा सेल, मुलांचे वाढदिवस आणि नात्यातली दोन-चार लग्ने. शिवाय मोबाईलवर रोज येणारे "आज रात्री बारापर्यंतच" असे संदेश वेगळेच. प्रत्येक वेळी खर्च थोडाच होतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. वर्षअखेर बेरीज केली तर मात्र तो एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या क्लासच्या फीइतका भरतो.

पैसे वाचवण्यासाठी वर्षभर नवा कपडा विकत घ्यायचा नाही, असा संकल्प जगात अनेक ठिकाणी लोक करू लागले आहेत. आपल्यातले काही तरुण-तरुणीही त्याबद्दल बोलतात. पण आपल्या समाजात हा विषय काढला की लगेच एक प्रश्न समोर येतो, आणि तो रास्तही आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अंगभर आणि चांगला कपडा घालू दिला गेला नाही, त्यानेच आता नवे कपडे सोडायचे का? या लेखात आम्ही त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. नंतर विनयातील कपड्याचा नियम, खर्चाचा साधा हिशेब, संकल्पाचे नियम आणि वाचलेल्या पैशाची वाट, असे एकेक पाहू.

कपडा हा आपल्यासाठी कधीच फक्त कपडा नव्हता

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला जुनी वस्त्रे द्यावीत असेही म्हटले आहे. कोणी काय नेसावे, कुठवर नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे जात ठरवत होती. माणूस तोंड उघडण्याआधी त्याची जात कपड्यावरून कळावी, ही त्यामागची योजना होती. आजही चांगले कपडे, मिशी किंवा घोड्यावरची वरात यांवरून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. म्हणजे हा इतिहास पूर्ण संपलेला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महिलांची वेगळी सभा घेतली आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्या, असे सांगितले. त्याच भाषणातला दुसरा भाग आपण कमी सांगतो. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असला पाहिजे, असे त्यांनी बजावले. कपडा निवडण्याचे तुमचे स्वातंत्र्य कोणी अडवू शकत नाही, पण मनाच्या मशागतीकडे आणि स्वावलंबनाकडे जास्त लक्ष द्या, हेही त्याच भाषणात होते.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की आपला मुद्दा स्पष्ट होतो. बाबासाहेबांनी आपल्याला कपडा निवडण्याचा हक्क मिळवून दिला आणि त्या हक्काची कसोटी स्वच्छता ठेवली. कपडा नवा आहे की नाही, ही कसोटी त्यांनी ठेवली नाही. नव्याची अट बाजाराने घातली. जयंतीला नवे नसेल तर कमीपणा वाटतो, ही भावना चळवळीतून आलेली नाही. ती दुकानातून आलेली आहे.

स्वतः बाबासाहेबांचा सूट आपल्या प्रत्येक पुतळ्यावर आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण सूट घालणारा हाच माणूस न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन राहिला आणि त्या पैशातून त्याने सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, हेही त्यांच्या चरित्रात आहे. कपडा नेटका असावा आणि पैसा विद्येवर जावा, हा त्यांचा हिशेब होता. त्यातला अर्धाच भाग आपण उचलला, तर तो हिशेब त्यांचा राहत नाही.

रमाईचा प्रसंगही जयंतीच्या भाषणांतून नेहमी सांगितला जातो. नेसायला चांगले लुगडे नव्हते म्हणून शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला फेटाच नेसून त्या सत्काराला गेल्या, असा तो प्रसंग. ऐकताना सभागृहात डोळे पाणावतात. त्याच सभेसाठी महिला मंडळाने प्रत्येकीकडून पैसे घेऊन एकसारख्या नव्या साड्या आणलेल्या असतात, आणि ज्या बाईने ते पैसे उसने घेतले ती मागच्या रांगेत बसलेली असते. या विसंगतीवर मंडळांनी बोलायला हवे.

गरज किती, हे तथागतांनी कसे ठरवले

भिक्खूंना तीन चीवरांची मर्यादा आहे, हे आपल्याला माहीत असते. ती मर्यादा कशी ठरली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. विनयपिटकाच्या महावग्गात ती हकीकत आहे. तथागत राजगृहाहून वैशालीकडे जात असताना त्यांना डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर कपड्यांची गाठोडी घेतलेले भिक्खू दिसले. हे लोक फार लवकर कपड्यांच्या मागे लागले, असे त्यांना वाटले. वैशालीला गोतमक चैत्यात थंडीच्या कडाक्यात ते रात्री उघड्यावर बसले. सुरुवातीला अंगावर एक वस्त्र होते, तेवढ्याने थंडी वाजली नाही. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे घेतले. मधला प्रहर सरल्यावर तिसरे आणि पहाटे चौथे. त्यावरून, थंडी सोसत नाही अशा माणसाचेही एवढ्यात भागेल, हे त्यांनी ठरवले आणि तीन चीवरांची परवानगी दिली. त्यांपैकी वरून घेण्याची संघाटी दुहेरी, उत्तरासंग आणि अंतरवासक एकेरी.

यातली पद्धत आपण घ्यायची आहे. तथागतांनी आधी स्वतःच्या अंगावर मोजून पाहिले आणि मग मर्यादा सांगितली. ती मर्यादा सगळ्यात काटक माणसाच्या मापाची ठेवली नाही, नाजूक माणसाचाही विचार केला. आपल्या घरात किती कपडे पुरतील, हेही असेच मोजून ठरवता येते.

जादा चीवर दहा दिवसांपेक्षा जास्त जवळ ठेवू नये, असाही नियम आहे. काही भिक्खू गावात जाताना एक संच, विहारात दुसरा आणि स्नानाला तिसरा असे वापरू लागले होते, म्हणून हा विषय निघाला. दहा दिवसांची मुदत आली ती आनंदांमुळे. त्यांना मिळालेले चीवर सारिपुत्तांना द्यायचे होते आणि सारिपुत्त साकेतला होते. म्हणजे जादाचे वस्त्र ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचवायला लागणारा वेळ, हा त्या सवलतीचा अर्थ होता.

आणखी एक हकीकत चुल्लवग्गात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे का, असे त्याला वाटले. त्याने येऊन विचारले. आनंद म्हणाले की ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्यांचे काय, असे राजाने विचारले. त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींच्या बैठका, बैठकांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी. आणि फडकी विरली की ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायला वापरू. राजाने आणखी पाचशे चीवरे दिली.

ही साखळी आपल्या आजीला कोणी शिकवावी लागली नव्हती. लुगडे विरले की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणे, मग फडके आणि शेवटी सारवायचे पोतेरे. अडीच हजार वर्षांपूर्वी कोसंबीत जे सांगितले गेले ते आपल्या घरात आत्ताआत्तापर्यंत चालू होते. ते तुटले ते गेल्या काही वर्षांत, स्वस्त आणि न टिकणाऱ्या कपड्यांमुळे. चार धुण्यांत गोळे येणाऱ्या पॉलिस्टरच्या टी-शर्टची गोधडीही नीट होत नाही.

विनय भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांनी चिंध्या घालाव्यात असे धम्म सांगत नाही. जीवकाने तथागतांना उंची वस्त्र दिले ते त्यांनी स्वीकारले आणि भिक्खूंनाही गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मोकळीक दिली. चिंध्यांचे चीवर वापरा किंवा दिलेले वापरा, समाधानी राहा, एवढेच सांगितले.

गृहस्थासाठी धम्माचा पैशाचा नियम

गृहस्थांना तथागतांनी पैशाबद्दल जे सांगितले ते आजच्या घरखर्चाला तंतोतंत लागू पडते. कोलिय देशातला दीघजाणु हा स्वतः सांगतो की आम्ही मुलाबाळांत राहणारे, चंदन आणि माळा वापरणारे लोक आहोत. तथागत त्याला हे सोडून दे म्हणत नाहीत. कष्टाने कमाव, कमावलेले सांभाळ, चांगल्या माणसांची संगत धर आणि जमा-खर्चाचा तोल ठेव, असे चार मुद्दे सांगतात. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले ते कळते, तसे आपल्याला जमा किती आणि खर्च किती ते कळले पाहिजे. कमाई थोडी आणि थाट मोठा असेल तर लोक त्याला उंबरे खाणारा म्हणतील. झाड हलवायचे, ढीगभर फळे पाडायची आणि दोन-चारच खायची, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. कमाई भरपूर असून उपाशी राहणाऱ्यालाही त्यांनी दोष दिला आहे. म्हणजे हा कंजूषपणाचा उपदेश नाही.

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. आपल्या कित्येक घरांत हा चौथा भागच नसतो.

अंगुत्तर निकायातील इणसुत्तात दारिद्र्याची पुढची पायरी दाखवली आहे. गरिबीतून कर्ज, कर्जातून व्याज, व्याज थकले की तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. आज मोबाईलच्या ॲपवरून कर्ज काढलेल्या मुलाला वसुलीवाल्यांचे फोन येतात, ओळखीच्यांना फोन जातात, तेव्हा हीच साखळी चालू असते. याउलट कर्ज नसण्याचे सुख, ज्याला अनण सुख म्हटले आहे, ते तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक आहे.

संत गाडगेबाबांची आठवणही इथे काढली पाहिजे. अंगावर चिंध्या असल्याने लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा, हे त्यांनी कीर्तनांतून गावोगाव सांगितले. त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांचे अनुकरण कोणी करावे असे नाही. पण सणासाठी कर्ज नको, हे म्हणणे आज क्रेडिट कार्डाच्या काळात जास्तच लागू आहे.

हिशेब मांडून पाहू

एका चौकोनी कुटुंबाचा नमुना हिशेब घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या घराचे आकडे प्रत्येकाने घालावेत.

समजा, १४ एप्रिलला चौघांचे मिळून ६,००० रुपये, नात्यातल्या दोन लग्नांना ५,०००, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दिवाळीचा सेल मिळून ५,०००, मुलांच्या वाढदिवसांना २,००० आणि मोबाईलवरून अधूनमधून मागवलेले महिन्याला ५०० म्हणजे वर्षाचे ६,००० रुपये. बेरीज २४,०००. यातून टाळता न येणारा भाग आधी काढून ठेवू. वाढत्या मुलांचे कपडे आणि सगळ्यांचे आतले कपडे यासाठी ६,०००, आणि टेलरकडच्या दुरुस्तीसाठी १,५००. उरले १६,५०० रुपये. म्हणजे महिन्याला १,३७५. एवढी रक्कम पाच वर्षे बाजूला पडली तर व्याज न धरता ८२,५०० रुपये होतात.

हेच कपडे उधारीवर घेतले तर उलटे घडते. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला साधारण महिन्याला तीन ते साडेतीन टक्के व्याज लागते. १०,००० रुपयांचे कपडे घेतले आणि बिलावर दिसणारी किमान रक्कम, समजा ५०० रुपये, भरली, तर तीन टक्क्यांच्या दरानेही त्यातले ३०० व्याजात जातात आणि कर्ज फक्त २०० रुपयांनी कमी होते. कपडा वर्षभरात उडतो, हप्ता मात्र चालू राहतो.

स्वस्त कपड्याच्या किमतीची दुसरी बाजूही आहे. त्यातला कापूस विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आणि वेचणीला जाणाऱ्या मजूर बायांनी पिकवलेला असू शकतो, आणि त्यांच्या हातात काय पडते हे आपल्याला घरातूनच माहीत आहे. शिवणाऱ्यांचे काय होते ते २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळल्यावर जगाला दिसले. त्या इमारतीत ११०० हून अधिक कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असूनही त्यांना कामावर बोलावले होते. सम्यक आजीव म्हणताना आपण काय विकतो याचा विचार करतो, तसा आपण काय आणि किती विकत घेतो याचाही करायला हवा.

संकल्प कसा करावा

एकदम वर्षाचा संकल्प जड वाटत असेल तर वर्षावासाच्या तीन महिन्यांपासून सुरुवात करावी. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. या काळात अनेक उपासक-उपासिका काही ना काही नियम धरतातच. त्यातच हा धरावा. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दसऱ्याचे सेल याच काळात येत असल्याने संकल्पाची परीक्षाही होते. जमले तर पुढे वर्षभर न्यावा.

सुरुवातीला कपाटातले आणि पेटीतले सगळे कपडे बाहेर काढून मोजावेत. तीन ढीग करावेत : नेहमी वापरात असलेले, दुरुस्त केले तर वापरता येतील असे, आणि वर्षभरात अंगाला न लागलेले. अंगावर घालून पाहावे, अंदाजाने ठरवू नये. बहुतेक घरांत दुसरा आणि तिसरा ढीगच मोठा निघतो.

नियम कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवावेत. आम्ही सुचवतो ते असे :

१. वर्षभर नवा कपडा विकत घ्यायचा नाही. सेल, कॉम्बो, "एकावर एक" या सबबी चालणार नाहीत.

२. सवलत कशाला हे आधीच ठरवायचे : आतले कपडे, वाढत्या मुलांचे कपडे, शाळेचा गणवेश, नोकरीला सक्तीचा असलेला पोशाख, बाळंतपण आणि आजारपण. मुलाखतीसाठी धड शर्ट नसेल तर तो घ्यावा. ती कामधंद्यातली गुंतवणूक आहे, उपभोग नाही.

३. एखादा कपडा पूर्ण निकामी झाला तरच त्याच्या जागी दुसरा, आणि तोही तीस दिवस थांबून. बहुतेक वेळा तीस दिवसांत गरज विरून जाते.

४. कपड्यांच्या खरेदीची ॲप काढून टाकायची आणि उधारीची सोय बंद करायची.

५. घेण्याची इच्छा झाली की त्या दिवशी वहीत वस्तू आणि किंमत लिहायची, आणि तेवढे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे. हे केले नाही तर न घेतलेल्या कपड्याचे पैसे चहा-नाश्त्यात जातात आणि संकल्प वाया जातो.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारात सुई आहे, हे आपण विसरू नये. बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, फॉल लावणे एवढे मुलांनाही यावे, मुलींनाच नव्हे. चेन बदलणे, रफू करणे, शर्टाची झिजलेली कॉलर उलटवणे, पँट सैल-घट्ट करणे हे काम गल्लीतला टेलर थोडक्या पैशांत करतो. नव्या कपड्याचे पैसे बहुधा शहराबाहेर जातात, दुरुस्तीचे पैसे आपल्याच वस्तीत राहतात.

पांढऱ्या कपड्यांचे आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेणारे पांढऱ्या वस्त्रांत होते. एक चांगला पांढरा संच १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या सगळ्यांना पुरतो. घालून झाल्यावर लगेच धुवावा, रंगीत कपड्यांत मिसळू नये, नीळ द्यावी, पूर्ण वाळल्यावरच घडी करावी. घामाचे डाग तसेच ठेवून घडी केली तर पिवळे पडतात, आणि मग पुढच्या वर्षी नवे घ्यावे लागते.

कार्यकर्त्यांनी सांभाळायच्या गोष्टी

हा संकल्प ज्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे त्यांच्यासाठी आहे. ज्या मुलीकडे कॉलेजला जायला दोनच ड्रेस आहेत, तिला काटकसर शिकवायला जाऊ नये. तिच्यापुरती गरज मोजली तर तिला आणखी दोन ड्रेस लागतील असेच उत्तर येईल. वस्तीतल्या सभेत हा विषय मांडताना सुरुवात पदाधिकाऱ्यांनी स्वतःपासून करावी.

घरातही हा नियम फक्त बायकांवर लादला जातो असा धोका आहे. बाईची साडी बंद आणि बाप्याचे बूट, मोबाईल, गुटखा चालू, असे असेल तर तो संकल्प नाही. नियम कागदावर लिहिताना घरातल्या सगळ्यांच्या सह्या असाव्यात.

मंडळांनी दोन निर्णय तातडीने घ्यावेत. पहिला, दरवर्षी नव्या एकसारख्या साड्या, टी-शर्ट, फेटे काढण्याची पद्धत थांबवावी. एकदा घेतलेला गणवेश पाच वर्षे चालवावा, किंवा निळा गमछा पुरेसा मानावा. दुसरा, पांढरे कपडे नाहीत म्हणून कोणाला विहारात किंवा मिरवणुकीत मागे उभे करू नये. कपड्यावरून माणसाची जागा ठरवण्याच्या पद्धतीविरुद्धच आपली चळवळ उभी राहिली आहे.

तिसऱ्या ढिगातल्या कपड्यांचे काय करायचे, हाही नाजूक विषय आहे. बोहारणीला देऊन भांडे घेणे ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. तिचे पोटही त्यावर चालते आणि कपडा पुढे वापरात येतो. पण आपल्याच लोकांना उतरवलेले कपडे "दान" म्हणून देताना थांबून विचार करावा. उतरलेली वस्त्रे आपल्या पूर्वजांना कोणत्या भावनेने दिली जात होती ते वर आलेच आहे. त्यापेक्षा विहारात महिन्यातून एकदा कपड्यांची अदलाबदल ठेवावी. प्रत्येकाने धुतलेले, दुरुस्त केलेले, इस्त्री केलेले कपडे आणावेत, ज्याला जे हवे ते त्याने न्यावे, डॉक्टरनेही न्यावे आणि सफाई कामगारानेही. लग्नातले भारी शालू, शेरवानी, सूट यांचाही असा साठा करता येईल. एकदा घातलेला सूट दहा वर्षे कपाटात राहण्यापेक्षा दहा नवरदेवांच्या अंगावर गेला तर काय बिघडते? फोटो काढून "गरिबांना वस्त्रदान" असे टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे.

वाचलेला पैसा कुठे जावा

हा भाग राहिला तर बाकी सगळे निरर्थक आहे. सिगालोवाद सुत्तातला चौथा भाग आधी उभा करावा. पोस्टात आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षांची असते. वरच्या हिशेबातले महिन्याचे पैसे तिथे सुरक्षित राहतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विमा योजनेचा २० रुपये आहे. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि दुसरीत अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. दोन्ही मिळून ४५६ रुपये, म्हणजे साधारण एका टी-शर्टची किंमत. रंगकाम, बांधकाम, गटारसफाई, डिलिव्हरी अशी जोखमीची कामे करणारे आपले किती तरुण या विम्याशिवाय आहेत, याची यादी प्रत्येक शाखेने करून पाहावी.

उरलेल्यातून शिक्षण. स्पर्धा परीक्षेचे अर्ज, पुस्तके, अभ्यासिकेची फी, बाहेरगावी प्रवेश मिळालेल्या मुलीचे पहिल्या महिन्याचे हॉस्टेलभाडे. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि प्रवेश त्याआधी घ्यावा लागतो, त्या मधल्या काळात पंधरा-वीस हजारांअभावी मुले मागे फिरतात. एका वस्तीतल्या दहा घरांनी वरच्या हिशेबाप्रमाणे वर्षाचे १६,५०० वाचवले तर १,६५,००० रुपये होतात. त्याचा अर्धा भाग जरी फिरत्या निधीत ठेवला आणि शिष्यवृत्ती आल्यावर परत घेतला, तरी दरवर्षी चार-पाच मुलांचे प्रवेश वाचतील. निधीचा हिशेब विहाराच्या फलकावर दर महिन्याला लावावा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

धम्मासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा, असे बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी सांगितले होते. पैसा उरत नाही म्हणून देता येत नाही, अशी आपली नेहमीची अडचण असते. तो कुठून उरेल, याचे एक उत्तर आपल्या कपाटातच आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. ज्यांना जमेल त्यांनी आपला कालावधी ठरवून नाव लिहावे, ज्यांना जमणार नाही त्यांना कोणी विचारू नये. पुढच्या १४ एप्रिलला गेल्या वर्षीचीच पांढरी साडी, गेल्या वर्षीचाच सदरा, स्वच्छ धुऊन, कडक इस्त्री करून, ताठ मानेने घालून निघू.

नमो बुद्धाय, जय भीम!